दायूचे उद्यान आणि 'मुदान थिंग'मधील बाग

चीनच्या ज्यांगशी प्रांताच्या दक्षिण टोकास, ग्वांगदोंगच्या सीमेवरील डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, दायू नावाचे नगर आहे. त्याचे जुने नाव नान्आन. विसाव्या शतकात हे नगर जगाला ठाऊक झाले ते टंगस्टनच्या खाणींमुळे. परंतु चिनी साहित्याच्या वाचकाला नान्आन हे नाव त्यापूर्वी तीन शतके परिचित होते. थांग श्येनत्सू (१५५०–१६१६) या नाटककाराने १५९८ साली पूर्ण केलेल्या 'मुदान थिंग' अर्थात् 'मुदानपुष्पांचा मंडप' या नाटकाची नायिका याच गावच्या सरकारी वाड्यात वाढली, प्रेमात पडली, मेली आणि पुन्हा उठली. आज दायूमध्ये या नाटकाच्या नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. नाटकातील बाग म्हणजे येथील जुन्या प्रशासकाच्या निवासामागील बाग होय, अशी स्थानिक परंपरा आहे, आणि त्या परंपरेचा आधार घेऊन नाटक व तत्त्वचिंतन ही दोन सूत्रे या उद्यानाने स्वीकारलेली आहेत. एखाद्या ग्रंथाच्या नावाने उद्यान उभारणे म्हणजे त्या ग्रंथावर दगड, पाणी आणि झाडे यांच्या भाषेत भाष्य लिहिणे होय. भाष्याचे गुणदोष मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे लागतात. म्हणून वरवर पाहता नगररचनेचा वाटणारा हा विषय साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो.

प्रथम स्थळाविषयी. दायू आणि दक्षिणेकडील नान्श्युंग यांच्यामध्ये मेईलिंग म्हणजे 'प्लमवृक्षांची खिंड' आहे. ७१६ साली थांग राजवटीतील जांग ज्युलिंग या अधिकाऱ्याने तेथील वाट रुंद करून घेतली आणि पुढे शेकडो वर्षे दक्षिणेच्या बंदरांचा माल, पदच्युत अधिकारी आणि परीक्षार्थी याच वाटेने ये-जा करीत राहिले. १५९१ साली दरबारावर कठोर टीका करणारे निवेदन सम्राटाला सादर केल्यामुळे थांग श्येनत्सूची दक्षिणेच्या टोकाशी श्यूवन येथे क्षुल्लक पदावर रवानगी झाली, त्या वेळी त्याला हीच खिंड ओलांडावी लागली. नाटकाचा आधार म्हणून सामान्यतः मानली जाणारी लोकभाषेतील कथा खिंडीच्या पलीकडे, नान्श्युंगमध्ये घडते. थांगने ती अलीकडे नान्आनमध्ये आणली. हा बदल लहान दिसतो, पण तो निरर्थक नाही. त्याचा विचार पुढे तत्त्वज्ञानाच्या संदर्भात करावयाचा आहे.

नाटकाचे पंचावन्न प्रवेश आहेत. नान्आनचा प्रशासक दू पाओ याची एकुलती एक कन्या दू लीन्यांग सोळा वर्षांची होते. पण घरामागे बाग आहे, हे तिला ठाऊकच नसते. सातव्या प्रवेशात छन त्स्वेल्यांग हा वृद्ध पंतोजी तिला 'काव्यसंहिते'तील पहिली कविता शिकवितो. भाष्यकारांनी त्या प्रेमकवितेतून राणीच्या शीलाचा बोध काढलेला असतो. मुलगी मात्र कवितेतील पक्ष्यांचे कूजनच ऐकते. बागेची बातमी तिला मिळते ती दासी छुनश्यांगकडून. नवव्या प्रवेशात बाग झाडून स्वच्छ करण्याची आज्ञा सुटते आणि दहाव्या प्रवेशात लीन्यांग प्रथमच बागेत पाऊल टाकते. खुनछू या गायननाट्यशैलीच्या रंगमंचावर हा प्रवेश 'यौ युआन' (उद्यानविहार) आणि 'जिंग मंग' (स्वप्नभंग) अशा दोन भागांत होतो आणि संपूर्ण नाटक क्वचितच होत असले, तरी हे दोन भाग आजही सतत होत असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चिनी साहित्यातील या सर्वात विख्यात बागेत रंगमंचावर एकही फूल नसते. पारंपरिक प्रयोगात एक मेज, दोन खुर्च्या आणि मागे एक साधा पडदा असतो. फुलांचा ताटवा, पाण्यावरील नाव, दूरचा मंडप, भिंतीवरून ओसंडणारी वेल हे सर्व दोन नटींच्या पंख्यांच्या हालचालींतून, लांब बाह्यांच्या आंदोलनांतून आणि विशेषतः दृष्टिक्षेपांतून सिद्ध होते. दासी जेथे बोट दाखविते तेथे मालकीण पाहते. मालकीण पाहते म्हणून प्रेक्षकाला दिसते. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला या संकेताचे नवल वाटणार नाही. उलट, 'बागेचा पडदा' टाकल्याखेरीज बाग न मानणाऱ्या मराठी संगीत रंगभूमीनेच रंगविलेल्या पडद्यांच्या मोहापायी काय गमावले, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील.

पण खुनछूचा हा संकेत केवळ काटकसरीचा नाही. बाग दिसते ती नायिकेच्या मनाची अवस्था म्हणून. ती ज्या क्षणी वसंताचे वैभव पाहते, त्याच क्षणी ते वैभव पडक्या भिंतींच्या आणि मोडक्या विहिरीच्या पदरी पडले आहे, हेही तिच्या ध्यानी येते. झाडलोट होऊनही बाग जीर्णच आहे. तिच्या स्वतःच्या यौवनाची स्थिती याहून वेगळी नाही. मग ती झोपते, स्वप्नात तिला ल्यू मंगमेई हा तरुण भेटतो, पुष्पदेवता त्या दोघांचे रक्षण करते, आणि पाकळ्यांच्या वर्षावाने स्वप्न ओसरते. ज्या मंडपावरून नाटकाला नाव मिळाले तो मंडप या स्वप्नातील मीलनाचे स्थान होय. अर्थात् त्याचा पत्ता मुळातच स्वप्नातला आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, ही बाग नाटकात एकदाच येत नाही. बाराव्या प्रवेशात, 'शुन मंग' म्हणजे 'स्वप्नाचा शोध' यात, लीन्यांग एकटी बागेत परत येते. कालचा खडक आहे, कठडा आहे, मंडप आहे. पण कालचे काहीच तेथे नाही. फळांनी लगडलेले एक प्लमचे झाड तेवढे तिला दिसते, आणि मृत्यूनंतर त्याच्या मुळाशी पुरले जावे अशी इच्छा तिच्या मनात उमटते. विसाव्या प्रवेशात शरद-पौर्णिमेच्या रात्री ती मरण पावते. चोविसाव्या प्रवेशात, म्हणजे कथेतील तीन वर्षांनंतर, ल्यू मंगमेई त्याच बागेत येतो तेव्हा तिची पुरती पडझड झालेली असते. त्या पडझडीतच, खडकाखाली दडविलेले लीन्यांगचे स्वतः काढलेले चित्र त्याच्या हाती लागते. पस्तिसाव्या प्रवेशात ती थडग्यातून उठते. एकच जागा; पण ती प्रथम फुललेली, मग रिकामी, मग ओसाड आणि अखेर जीवदान देणारी अशी चार वेळा बदलते. थांगच्या रचनेचे सामर्थ्य या बदलांत आहे. बाग ही येथे घटनांची पार्श्वभूमी नसून, काळ जिच्यावर आपली कामगिरी करून दाखवितो अशी पात्रासारखी वस्तू आहे.

आता दायूच्या उद्यानाकडे वळावे. कोणत्याही सार्वजनिक उद्यानाला बागेची एकच अवस्था ठेवता येते, आणि ती म्हणजे नवव्या प्रवेशातील, झाडून-पुसून सज्ज केलेली. पडकी भिंत असेल तर ती दुरुस्त होणार, विहीर असेल तर तिला कठडा लागणार, वाळलेले झाड काढले जाणार. नगरपालिकेच्या कर्तव्याचा तो भागच आहे आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. परंतु भाष्य म्हणून पाहिले असता परिणाम असा होतो की, नाटकातील बागेचे जे प्राणभूत तत्त्व, म्हणजे तिचे ढासळणे, तेच या भाष्यातून गळून जाते. नाटकातल्या नावाचा मंडप डोळ्यांपुढे उभा असतो. पण ज्या प्रेक्षकाने तो नटीच्या नजरेतून एकदा पाहिला आहे, त्याला लाकूड आणि कौले यांचा हा मंडप पाहून काहीतरी हरवल्यासारखेच वाटणार. पेकिंगमध्ये १९८४ साली 'लाल हवेलीचे स्वप्न' या कादंबरीवरील दूरचित्रवाणी-मालिकेच्या निमित्ताने उभारावयास घेतलेल्या 'दाग्वान युआन' या उद्यानाचीही अडचण याच जातीची आहे. आणि गंमत अशी की, त्या कादंबरीच्या तेविसाव्या अध्यायात नायिकेला 'मुदान थिंग'मधील ओळी ऐकू येतात त्या भिंतीपलीकडून. तिच्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणूनच त्या तिच्या काळजाला भिडतात.

तथापि या तुलनेतून उद्यानाच्या विरुद्ध सरसकट निकाल देणे हे नाटकाच्या अर्धवट वाचनाचे लक्षण ठरेल. दायूच्या उद्यानात फिरणारा रसिक दहाव्या प्रवेशातील लीन्यांग नसतोच. तो बाराव्या प्रवेशातील लीन्यांग असतो. नाटक त्याने आधीच पाहिलेले वा वाचलेले असते, आणि तो खुणेच्या वस्तू शोधीत येतो. वस्तू सापडतात, स्वप्न सापडत नाही. थांगने हा अनुभव नाटकातच लिहून ठेवलेला आहे. उद्यानाच्या रचनाकारांना तो अभिप्रेत होता की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु ज्या गावाला आपल्या बागेचे मूळ एका काल्पनिक स्वप्नात शोधावे लागते, त्या गावाने 'शुन मंग' हा प्रवेश आपल्या उद्यानाचा केंद्रबिंदू मानला असता, तर ते भाष्य अधिक सखोल झाले असते.

दुसरे सूत्र तत्त्वचिंतनाचे. या बाबतीत नान्आनचा वारसा खरोखरच असाधारण आहे. १०४६ साली जौ दुन्यी हा तरुण अधिकारी तेथे न्यायखात्यात कनिष्ठ पदावर असताना तेथील दुसरा एक अधिकारी छंग श्यांग याने आपली दोन मुले त्याच्याकडे अध्ययनास पाठविली. ही मुले म्हणजे छंग हाओ आणि छंग यी. 'ली' म्हणजे वस्तुमात्रात अनुस्यूत असलेले तत्त्व वा नियम ही कल्पना केंद्रस्थानी आणून नव-कन्फ्यूशियन विचाराला ज्यांनी आकार दिला तेच हे बंधू. पुढे जू शी (११३०–१२००) याने त्या विचाराची महान मांडणी केली आणि चौदाव्या शतकापासून ती राजकीय परीक्षांचा पाया बनली. त्यानंतर वांग यांगमिंग. तत्त्व बाहेर वस्तूंत शोधण्याऐवजी ते मनातच आहे असे प्रतिपादणारा हा विचारवंत ग्वांगशीतील मोहिमेवरून परतताना मेईलिंग ओलांडून नान्आनला पोचला आणि तेथेच नावेमध्ये ९ जानेवारी १५२९ रोजी निधन पावला. एका पंथाचा प्रारंभ आणि त्या पंथाविरुद्ध बंड करणाऱ्याचा अंत, या दोन्ही घटनांशी एकाच लहानशा गावाचे नाव जोडले जावे, हा योग विरळाच.

थांग श्येनत्सू या वादात तिऱ्हाईत नव्हता. त्याचा गुरू लुओ रूफांग हा वांगच्या शिष्यपरंपरेतील थायजौ शाखेचा होता. सामान्य माणसाच्या सहज जीवनप्रेरणेतच सत्य पाहणारी ही शाखा. नाटकाच्या प्रस्तावनेत थांगने 'छिंग' म्हणजे भाव हा 'ली'च्या मोजमापात न बसणारा असून त्याच्या बळावर जिवंत मरू शकतो आणि मेलेला जगू शकतो, असे प्रतिपादन केले आहे. ज्या गावी 'ली'चे पहिले पाठ दिले गेले, त्याच गावी एका मुलीला काव्यसंहितेचा पाठ देणारा छन त्स्वेल्यांग हा भाष्यावाचून पाऊल न टाकणारा आणि बागेत जन्मात न गेलेला पंतोजी बसविणे, हा नान्श्युंगहून नान्आनला कथा हलविण्यामागील हेतू असो वा नसो, परिणाम मात्र निःसंशय आहे. जौ दुन्यीपासून साडेपाचशे वर्षांनी त्याच गावी तोच वर्ग पुन्हा भरतो आणि शिष्या वर्ग सोडून बागेत जाते.

उद्यानाच्या कल्पनेत या सर्वांना एकत्र स्थान मिळते: नाट्य, 'ली'चा विचार, मनाचा विचार. नगराच्या अभिमानाच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. पण एकाच अंगणात शांतपणे शेजारी उभे राहावे असे हे पाहुणे नव्हेत. त्यांच्यात भांडण आहे, आणि ते भांडण हाच या स्थळाचा खरा इतिहास आहे. याचे सर्वात सुंदर उदाहरण फुलांचेच. १०६३ साली लिहिलेल्या कमळावरील आपल्या छोट्या निबंधात जौ दुन्यीने शेवंतीला विरक्ताचे, मुदानला श्रीमंती आणि मानमरातब यांचे व कमळाला सज्जनाचे फूल ठरविले, आणि लोकांच्या मुदानवेडाबद्दल तिरकस उद्गार काढले. थांगने नेमके तेच बाजारी ठरविलेले फूल आपल्या नाटकाच्या माथ्यावर खोवले. कमळाचे तळे आणि मुदानचा मंडप एकाच उद्यानात शेजारी असणे ही जर केवळ शोभा राहिली, तर दोन्ही ग्रंथ गप्प होतात. ते परस्परांना उत्तर देताना दिसले, तरच त्या शेजाराला अर्थ येतो.

मात्र थांगला 'ली'चा शत्रू आणि लीन्यांगला निव्वळ भावनेची बंडखोर कन्या समजणे, ही विसाव्या शतकात फार रुळलेली समजूतही तितकीच अपुरी आहे. पुनर्जन्मानंतर, छत्तिसाव्या प्रवेशात, ल्यू मंगमेई तातडीने मीलनाची गोष्ट काढतो तेव्हा लीन्यांगच त्याला अडविते: प्रेतावस्थेत जे चालून गेले ते देहधारी माणसाला विधीवाचून चालणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. शेवटच्या प्रवेशात तिचे माणूसपण राजसभेत आरसा, सावली आणि पावलांचे ठसे यांनी सिद्ध करावे लागते. आणि एवढे होऊनही बाप दू पाओ सहजासहजी नमत नाही. म्हणजे नियम आणि भाव यांचा तंटा नाटक मिटवीत नाही. यीह्वांग येथील नाट्यदेवतेच्या मंदिरासाठी लिहिलेल्या लेखात तर थांगने, राजा-प्रजा आणि पिता-पुत्र यांच्यातील संबंध सुधारण्याचे जे सामर्थ्य आचार्यमंडळी स्वतःकडे घेतात, ते नाटकाकडे दिले आहे. त्याला 'ली' नको होते असे नव्हे. ते पंतोजीच्या हाती नको होते.

आता एक बाब अशी की, जिथे उद्यान नाटकाच्या मागे नव्हे तर पुढे गेले आहे. थांगच्या काळी बाग ही खाजगी वस्तू होती. सूजौमधील प्रख्यात उद्याने अधिकाऱ्यांची व धनिकांची होती; तेथील 'जुओजंग युआन'च्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालक जांग ल्यूछ्येन याने बांधलेल्या दिवाणखान्यात खुनछूचे गायन होई, त्यासाठी आतील छत वक्राकार केलेले आहे आणि चार कोपऱ्यांना लहान खोल्या आहेत; पण श्रोते कोण, तर मालक आणि त्याचे निमंत्रित. स्त्रीला तर स्वतःच्या घरची बागही परवानगीवाचून दुर्लभ. १६९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मुदान थिंग'च्या एका आवृत्तीवर छन थोंग, थान त्स आणि छ्येन यी या, एकाच गृहस्थाच्या क्रमाने झालेल्या तीन पत्नींची भाष्ये आहेत. पैकी पहिली लग्नाआधीच आणि दुसरी लग्नानंतर लवकरच वारली. अंतःपुरात बसून समासांत टिपा लिहिणाऱ्या या वाचकांना लीन्यांगची बाग म्हणजे काय, हे कोणत्याही विद्वानाहून अधिक कळत होते. चीनमध्ये सार्वजनिक उद्यानाची कल्पना रुजली ती राजवट कोसळल्यानंतर. पेकिंगच्या राजवाड्यालगतचे मंदिरप्रांगण १९१४ साली आणि बेईहाय १९२५ साली लोकांना खुले झाले. दायूच्या उद्यानात आज कोणाचीही सोळा वर्षांची मुलगी पंचांग न पाहता, पंतोजीला न विचारता, दासीच्या आडून न चोरता जाऊ शकते. कलादृष्टीने या उद्यानाविषयी कितीही आक्षेप घेतले, तरी या एका वस्तुस्थितीपुढे ते थोडे सौम्य करावे लागतात. लीन्यांग ज्या अभावामुळे मेली तो अभाव येथे उरलेला नाही, आणि तिचे नाव धारण करणाऱ्या जागेला याहून अधिक साजेसे दुसरे काय असावे?

उरतो प्रश्न प्रयोगाचा. खऱ्या बागेत हे नाटक करावे काय? १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात मेई लान्फांगसारख्या श्रेष्ठ नटाच्या लीन्यांगभोवती कॅमेऱ्यासाठी बाग उभारण्यात आली; ज्या फुलांकडे त्याची नजर जाई ती फुले तेथे आधीच हजर असत, आणि नजरेचे अर्धे काम व्यर्थ जाई. १९९९ साली न्यू यॉर्क येथे छन शिजंग याने सर्व पंचावन्न प्रवेश सादर केले, तेव्हा रंगमंचावर मंडप आणि सभोवती पाणी होते. २०१० साली थान दुन आणि जांग जुन यांनी शांघायजवळील जूज्याज्याओ येथील एका जुन्या उद्यानात संक्षिप्त प्रयोग सुरू केले. त्यात वारा, पाणी आणि मावळता प्रकाश हे नटाचे सहकारी झाले. पण तो प्रयोग प्रेक्षणीय ठरतो तो खुल्या हवेतील रात्रीमुळे, फुलांच्या अस्सलपणामुळे नव्हे. अंधार पडला की खरी बागही रिकाम्या रंगमंचाइतकीच अदृश्य होते आणि पंख्याला पुन्हा काम मिळते.

दायूच्या रचनाकारांना यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. जी छंग याने १६३१ साली पूर्ण केलेल्या 'युआन ये' या उद्यानशास्त्रावरील ग्रंथात रचनेला ठराविक नियम नसून जागेचा स्वभाव ओळखणे हेच मुख्य, असा विचार मांडला आहे आणि ग्रंथाचा शेवट बाहेरचे दृश्य 'उसने घेण्या'च्या प्रकरणाने केला आहे. नान्आनच्या जागेचा स्वभाव मुदानचा नाही. ते फूल लुओयांगसारख्या उत्तरेकडील थंड, कोरड्या प्रदेशाचे; दक्षिणेच्या दमट उन्हाळ्यात ते नाखुशीनेच जगते. नाटकातही बहुतेक वसंत ओसरल्यावर उमलणारे, सर्वांत मागे राहिलेले फूल म्हणूनच त्याचा उल्लेख होतो. या मुलुखाचे झाड म्हणजे प्लम: खिंडीला नाव देणारे, ल्यू मंगमेईच्या नावातील 'मेई', आणि ज्याच्या मुळाशी लीन्यांग तीन वर्षे निजली ते. मेईलिंगच्या वाटेवर ते ऐन थंडीत, पाने फुटण्याआधी, फुलते. त्या आठवड्यांत उद्यानातील मुदानच्या वाफ्यांत केवळ कापलेल्या काड्या दिसतात, आणि नाटक पाहून आलेल्या माणसाने तेथे जावे ते त्याच दिवसांत.